दापोलीला वनशास्त्राला नंबर लागलाय. मुलीला पाठवावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. घरात आठ दिवस हाच विषय चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आता मला या क्षेत्रातल्या माणसांचं ऐकायचं आहे.

मुलगी बारावी सायन्स झाली. सीईटीला बरे गुण पडले. कराडमध्येच फार्मसीला सहज मिळतंय. पण कृषीच्या प्रवेशफेरीत तिने आम्हाला न विचारता पहिला पर्याय वनशास्त्राचा भरला. घरची शेती आहे, त्यामुळे सातबाऱ्याचे जादा गुण मिळाले आणि यादीत नाव लागलं: वनशास्त्र महाविद्यालय, दापोली. कोकण कृषी विद्यापीठाचं, म्हणजे सरकारी. चार वर्षांची पदवी.

सासऱ्यांचं म्हणणं, "झाडं मोजायला चार वर्षं घालवायची?" मिस्टर म्हणतात, पोरीची जात, जंगलात कुठे फिरायची. माझी अडचण वेगळी आहे. मला या शिक्षणात नेमकं काय शिकवतात हेच माहीत नाही, त्यामुळे तिच्या बाजूने बोलायचं तर काय बोलू ते कळत नाही.

तिची आवड आजकालची नाही. माझं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. सहावीत असल्यापासून ती आजोळहून येताना पिशवीभर बिया आणि सुकी फळं आणते. श्रीखंडाचे रिकामे डबे त्यांनी भरलेत, कपाटातला एक खण त्यातच गेलाय.

तर दापोलीला शिकलेलं कोणी आहे का इथे? नोकरीचं काय? मुलींना जमतं का? आणि "पर्यावरणशास्त्र" म्हणून जो कोर्स असतो तो हाच का वेगळा?

रानवाट

ताई, मी दापोलीचाच. पदवी घेऊन वीस वर्षं उलटली. आता सिंधुदुर्गात बांबू लागवड आणि रोपवाटिकेचं काम करतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे बहुतेकांचा घोटाळा होतो.

पर्यावरणशास्त्रात हवा, पाणी, माती, प्रदूषण, कायदे असं सगळं येतं, जंगल हा त्यातला एक भाग. वनशास्त्र म्हणजे जंगल उभं कसं करायचं, राखायचं कसं आणि त्याला धक्का न लावता त्यातून किती घेता येतं, याचा अभ्यास. शेतीला जसं कृषीशास्त्र, तसं रानाला हे. फरक इतकाच की शेतकऱ्याला चूक चार महिन्यांत दिसते, आमची दिसायला चाळीस वर्षं लागतात. साग लावणारा माणूस तो साग कापायला बहुधा नसतोच.

आता शिकवतात काय. वृक्षओळख पहिल्या वर्षापासून. पान, साल, फूल, फळ, आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर सालीवर कोयता टेकवून आतला रंग आणि वास. वनमोजणी असते. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात, त्याला छातीची उंची म्हणतात. उतारावर उभे असाल तर वरच्या बाजूने मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण भर पावसात शंभर झाडांचे घेर घ्या, मग कळतं की टेप दोन बोटं तिरकी धरली की आकडा किती फिरतो. सासऱ्यांना सांगा, झाडं मोजण्याला खरंच एक सेमिस्टर जातं आणि ते वाया जात नाही. पुढे त्याच आकड्यांवर दहा वर्षांची कार्य आयोजना बनते, कुठल्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, काय तोडायचं आणि काय राखायचं ते त्यावरून ठरतं.

लाकडाची प्रयोगशाळा मला सगळ्यात आवडायची. लाकडाचा ठोकळा धारदार पात्याने साफ करायचा आणि दहापट भिंगाखाली धरायचा. सागाच्या वलयात सुरुवातीच्या लाकडातली मोठी छिद्रं ओळीने बसलेली दिसतात, ऐन या झाडाच्या लाकडात ती सगळीकडे विखुरलेली. एकदा हे डोळ्यात बसलं की सागवान म्हणून भलतंच विकणारा तुम्हाला फसवू शकत नाही. मी घराची दारं घेताना हे अनुभवलंय.

मग बीज आणि रोपवाटिका. सागाचं फळ इतकं कठीण की नुसतं पेरलं तर महिनोन्महिने काही होत नाही. रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असं आठ-पंधरा दिवस केलं की ते फुगतं, आकसतं आणि कवच सैल होतं. आमच्या गटाने उन्हाचा भाग अंगावर घेतला नाही, पोती सावलीतच ठेवली. आमचा वाफा रिकामा आणि शेजारचा हिरवागार. ते दोन वाफे शेजारी शेजारी महिनाभर बघत जावं लागायचं. ते शिक्षण मी विसरलो नाही.

याशिवाय माती, पाणलोट, वन्यजीव, वनकायदा, कृषिवनीकरण, उपग्रहाच्या नकाशांचं काम हे सगळं आहेच. शेवटच्या वर्षी वनपरिक्षेत्रात आणि गावात राहून काम करावं लागतं.

कोकणात हे शिकण्याला एक वेगळा अर्थ आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं. रान आहे ते बहुतेक लोकांच्या खासगी मालकीचं. म्हणजे इथलं जंगल टिकणार की नाही हे कचेरीत कमी आणि घराघरात जास्त ठरतं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, कुणाला मुलीच्या लग्नाला पैसे हवे झाले, की व्यापारी येतो आणि अख्खा डोंगर उक्ता घेतो. खैर कातासाठी, बाकीचं जळणाला. साग, खैर, ऐन, हिरडा यांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, पण परवानगीने तोडलेलंही तुटतंच. अशा मालकाला "तोडू नका" म्हणून उपयोग नाही. त्याला सांगता आलं पाहिजे की एकदम सगळं न कापता आलटून पालटून घे, खुंट जमिनीलगत तिरका कापून ठेव म्हणजे फुटवा चांगला येईल, मध्ये माणगा बांबू लाव, चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठी सुरू होईल. हे सांगायला वनशास्त्र शिकलेला माणूस लागतो.

जाता जाता एक विचारतो. त्या डब्यांत काय काय आहे?

पुन्हा शाळेत

वाचतेय. माझा भाचा पुढच्या वर्षी बारावीला आहे, त्याच्यासाठी विचारते: महाराष्ट्रात ही पदवी आणखी कुठे मिळते?

रानवाट

अकोल्याला, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. तिकडचं रान वेगळं. पानझडीचं, सागाचं, आणि मेळघाट हाताशी. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर अखिल भारतीय जागांसाठी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदव्युत्तरला डेहराडूनची वन संशोधन संस्था आहे. १९०६ ची संस्था, १९९१ पासून अभिमत विद्यापीठ. तिथे लाकूडशास्त्रात, कागद तंत्रज्ञानात एम.एस्सी. करता येतं. भोपाळला १९८२ साली निघालेली वन व्यवस्थापन संस्थाही आहे.

स्पष्टच सांगतो

दादांनी सुंदर लिहिलंय, पण ताईंनी नोकरीचं विचारलंय आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी देतो. मीही याच पदवीचा.

आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी प्रवेश घेतला तो वनखात्यात अधिकारी होण्यासाठी. पण सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरतात आणि ती परीक्षा फक्त आमच्यासाठी नाही. इतर विज्ञान शाखांचे, अभियांत्रिकीचे पदवीधरही बसतात. भारतीय वनसेवेतही तेच. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, कृषी, सगळ्यांना दार उघडं. जाहिरात दरवर्षी येईलच याचा भरवसा नाही, आली तर जागा मोजक्या. डॉक्टरकीला डॉक्टर लागतो, पूल बांधायला इंजिनिअर लागतो, मग जंगल सांभाळायला जंगल शिकलेला माणूस का लागू नये, हा प्रश्न आमच्या आधीच्या मुलांनी विचारला, आम्ही विचारला, आत्ताचीही विचारतायत.

मी पाच वर्षं पुण्यात खोली घेऊन अभ्यास केला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. त्या पाच वर्षांत रानात एकदाही गेलो नाही, याचं आज सगळ्यात वाईट वाटतं. आता एका बँकेत कृषी अधिकारी आहे. पोट भरतंय. पण वनशास्त्र घेतलं म्हणजे खाकी मिळालीच, असं मुलीला कोणी सांगितलं असेल तर ते आधी तिच्या डोक्यातून काढा.

जाळरेषा

मी वनखात्यातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. वरच्या पोस्टमधली तळमळ खरी आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे. माझ्या हाताखाली दोन्ही प्रकारचे अधिकारी आले. इंजिनिअर होऊन आलेला मुलगा हुशार असतो, शिकतो, पण पहिली दोन-तीन वर्षं त्याला रान वाचायला जातात. वनशास्त्रवाल्याला रोपवनाची जागा दाखवली की तो आधी वाकून माती हातात घेतो. हा फरक मी अनेकदा पाहिलाय.

मुलींबद्दल. राज्याच्या नोकरभरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, आणि आज बीटवर एकटी फिरणारी वनरक्षक मुलगी ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वणव्याच्या दिवसांत, फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत, जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, साफ करण्यापासून रात्री झावळ्या घेऊन आग झोडपण्यापर्यंत सगळं काम त्या करतात. माझ्या रेंजमध्ये एका रात्री दोन डोंगरांवर एकदम वणवा लागला तेव्हा पलीकडचा डोंगर एका वनरक्षक मुलीने गावातली माणसं गोळा करून पहाटेपर्यंत विझवला. मी पोहोचलो तेव्हा ती राखेत बसून पाणी पीत होती.

अडचणी नाहीत असं म्हणणार नाही. चौकीवर धड स्वच्छतागृह नसणं, आडगावची बदली, रात्री-अपरात्री लाकूडचोरांच्या गाडीमागे जावं लागणं. हे सगळं आहे. मिस्टरांची काळजी चुकीची नाही. पण चार वर्षांच्या कॉलेजचा आणि या गोष्टींचा संबंध नाही. कॉलेजची फिरती गटाने असते, शिक्षक बरोबर असतात. तिकडे काळजी घ्यायची ती पायाखाली. कातळावर फुरशी, म्हणजे विषारी साप, असतात, तेव्हा चांगले गमबूट घेऊन द्या.

आणि चालायची सवय आत्तापासून लावा. भारतीय वनसेवेच्या चाचणीत चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १४ किलोमीटर चालावं लागतं.

अकोला ते सिराक्यूज

धागा रात्री वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी अकोल्याची वनशास्त्र पदवीधर. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या सिराक्यूज शहरात एका सरकारी कॉलेजात मास्टर्स केलं. त्याचं नावच पर्यावरणशास्त्र आणि वनशास्त्र महाविद्यालय. इकडे सगळे ईएसएफ म्हणतात. या एका विषयासाठीच काढलेलं कॉलेज, १९११ पासूनचं. शेजारी भिंतीला भिंत लावून सिराक्यूज हे मोठं खासगी विद्यापीठ. त्यांच्या वर्गांत आणि ग्रंथालयात आम्हाला जाता येतं, पण आमची इमारत, आमची माणसं, आमची चिखलाची बूटं वेगळी.

या कॉलेजच्या आधीची एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. न्यूयॉर्क राज्याने पहिलं वनशास्त्र कॉलेज १८९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात काढलं होतं. बर्नहार्ड फर्नो नावाचे जर्मनीत शिकलेले मोठे वनतज्ज्ञ त्याचे प्रमुख. प्रात्यक्षिकासाठी ॲडिरॉनडॅक डोंगरात तीस हजार एकर जंगल दिलेलं. फर्नोंनी जर्मन पद्धतीने पानझडीची जुनी झाडं सरसकट तोडून तिथे सूचिपर्णी लावायला घेतली. आसपास धनाढ्य लोकांची उन्हाळी घरं होती, त्यांनी तोड बघितली, धूर बघितला आणि ओरड केली. १९०३ मध्ये गव्हर्नरने कॉलेजचा निधीच रोखला. कॉलेज बंद. रानवाट दादा म्हणतात तेच, फक्त दुसऱ्या खंडात. फर्नोंचं शास्त्र त्यांच्या काळापुरतं बरोबर असेलही, पण शेजाऱ्यांशी बोलणं झालेलं नव्हतं. आम्हाला हे पहिल्याच सत्रात शिकवलं गेलं, आणि आपल्याच विषयातलं अपयश इतक्या उघडपणे शिकवणाऱ्या शिक्षकांबद्दल मला फार आदर वाटला.

शिक्षण कसं असतं? इथेही घेर १.३७ मीटरवरच घेतात, त्यामुळे पहिल्या दिवशी टेप हातात आली तेव्हा अकोल्यात असल्यासारखं वाटलं. बाकी सगळं परकं. मेपल, बीच, हेमलॉक, बर्च. पानावरून ओळखावं तर ऑक्टोबरनंतर हेमलॉक सोडला तर कुणावर पानंच नाहीत, मग हिवाळ्यात डहाळीवरच्या कळ्या आणि पानाचा देठ गळाल्याच्या खुणा बघून झाड ओळखायचं. सिराक्यूजला एका हिवाळ्यात सरासरी तीन मीटरहून जास्त बर्फ पडतो. गुडघाभर बर्फात हातमोजे काढून कळी बघायची, परत मोजे घालायचे, पुढचं झाड. हिवाळा सरताना मेपलच्या खोडाला छिद्र पाडून रस काढतात आणि आटवतात. साधारण चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक. गुऱ्हाळासारखाच वाफेचा गोड वास येतो. मला तिथे रडू आलं होतं, घरच्या आठवणीने.

कॉलेजची स्वतःची जंगलं आहेत. क्रॅनबेरी लेकचं जीवशास्त्र केंद्र होडीनेच गाठावं लागतं. उन्हाळ्यात पदवीची मुलं काही आठवडे तिथे राहून शिकतात, बाहेर पाऊल टाकलं की वर्ग सुरू. वानाकेना गावात १९१२ पासून रेंजर स्कूल आहे. तिथे वनतंत्रज्ञ तयार होतात आणि नकाशा, मोजणी, सर्वेक्षण हातात बसेपर्यंत करून घेतात.

दोन कामं मी जवळून पाहिली. सिराक्यूजला लागून ओनोंडागा नावाचं तळं आहे. ओनोंडागा या मूळ रहिवाशांसाठी ते पवित्र. कारखान्यांनी त्यात पारा आणि रसायनं सोडली. पोहायला बंदी १९४० मध्ये आली, मासेमारीला १९७० मध्ये. काठाजवळ सोडा कारखान्याच्या पांढऱ्या, खारट गाळाचे डोंगर पडलेत. त्यातून पावसाचं पाणी झिरपून तळ्यात जाऊ नये म्हणून कॉलेजच्या लोकांनी तिथे झुडपी विलो लावली. विलो भरपूर पाणी पिते आणि पानांतून हवेत सोडते, म्हणजे खाली झिरपायला पाणी कमी उरतं. शिवाय तीन वर्षांनी कापून जळण मिळतं आणि खुंट परत फुटतो. आपल्याकडच्या खाणींच्या ढिगाऱ्यांकडे बघताना मला आता नेहमी ती विलो आठवते.

दुसरं, अमेरिकन चेस्टनट. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात या झाडांवर एक बुरशी दिसली, बाहेरून आलेली. पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडं मेली. जंगलाच्या छतातलं एक मुख्य झाड नुसतं खुंट म्हणून उरलं. ईएसएफमध्ये विल्यम पॉवेल आणि चार्ल्स मेनार्ड यांनी कित्येक वर्षं घालवून गव्हातलं एक जनुक त्यात घातलं, ज्याने बुरशीचं आम्ल निकामी होतं. आणि मग २०२३ मध्ये असं उघड झालं की ज्या रोपांवर चाचण्या चालल्या होत्या ती ठरलेल्या वाणाची नसून त्याच्या भावंड वाणाची आहेत. डार्लिंग ५८ समजत होते, निघालं डार्लिंग ५४. इतकी वर्षं जोडीला असलेल्या चेस्टनट फाउंडेशनने पाठिंबा काढून घेतला. काम थांबलेलं नाही. पण त्यानंतर रोपाच्या कुंडीवरची चिठ्ठी मी दोनदा वाचल्याशिवाय हात लावत नाही. ताई, तुमच्या मुलीला एवढंच सांगा: डब्यांवर नाव, गाव आणि महिना लिही.

पैशांचंही सांगते. पदवीसाठी इकडे येणं बाहेरच्या मुलांना फार महाग पडतं, मी सुचवणार नाही. मास्टर्स किंवा पीएच.डी.ला प्राध्यापकांच्या प्रकल्पावर किंवा शिकवण्याच्या मदतनिसाचं काम मिळालं तर फी माफ होते आणि महिन्याचा खर्च निघतो. त्यासाठी अर्ज करण्याआधी प्राध्यापकांना पत्र लिहावं लागतं आणि पत्रात "मी हे केलंय" असं दाखवायला काहीतरी लागतं. मला मिळालं ते गुणांमुळे नाही. अकोल्यात शेवटच्या वर्षी मी चारोळीच्या बियांच्या उगवणीवर लहानसा प्रयोग केला होता, त्याची वही मी जपली होती.

सड्यावरची

पर्यावरणशास्त्राची बाजू मी मांडते, मी त्यात एम.एस्सी. केलंय.

नोकऱ्या जास्त करून सल्लागार कंपन्यांत असतात. खाण, रस्ता, कारखाना यांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय मंजुरी लागते, त्याचा अहवाल आम्ही करतो. माझी पहिली नोकरी अशाच एका ठिकाणी होती. कोकणातल्या एका सड्याचा, म्हणजे कातळी पठाराचा, अहवाल माझ्याकडे आला. पायाभूत माहिती पावसाळा सोडून एका हंगामात घेतली तरी चालते, म्हणून आम्ही उन्हाळ्यात गेलो. जांभ्याचा तापलेला कातळ, वाळलेलं गवत. वरिष्ठांनी लिहायला सांगितलं, "ओसाड जमीन, महत्त्वाची वनस्पती नाही." झाडांची यादी तर दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालातून उचललेली होती.

मी रत्नागिरीची आहे. त्याच सड्यावर ऑगस्टमध्ये "सीतेची आसवं" नावाच्या निळ्या फुलांचा गालिचा असतो, कातळाच्या खळग्यांत कीटक खाणाऱ्या दवबिंदू वनस्पती असतात. ते सगळं चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतं. मी ते लिहिलं, ते खोडलं गेलं, मी नोकरी सोडली. आता शाळांसाठी आणि ग्रामपंचायतींसाठी जैवविविधता नोंदवह्यांचं काम करते. पैसा कमी आहे.

हे सांगायचं कारण, पर्यावरणशास्त्रात मी कायदे शिकले, पाण्याच्या चाचण्या शिकले, पण झाड ओळखायला मला दापोलीच्या एका वनशास्त्रवाल्या मैत्रिणीला बरोबर न्यावं लागायचं. आज परत निवडायची वेळ आली तर मी आधी वनशास्त्र करीन आणि पर्यावरणशास्त्र वर घेईन.

स्पष्टच सांगतो

सड्यावरच्या ताई, नमस्कार तुम्हाला.

माझ्या पोस्टमध्ये एक भर घालतो, कारण मी फक्त अंधारच दाखवला असं वाटायला नको. माझ्या वर्गातली जी चार-पाच जणं परीक्षेच्या मागे लागली नाहीत ती आज विषयातच आहेत. एकजण कागद कारखान्यासाठी शेतकऱ्यांकडे लागवड करून घेतो, एकजण उपग्रह नकाशांच्या कामात आहे, एक मुलगी डेहराडूनला लाकडावर संशोधन करते. त्यांनी दुसऱ्या वर्षापासून सुट्ट्या कुठेतरी काम करण्यात घालवल्या. मी सुट्टीत परीक्षेची पुस्तकं वाचत होतो. परीक्षा द्यावी, जरूर द्यावी, पण किती वर्षं द्यायची ते आधी ठरवून.

कृष्णाकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आम्ही काल दापोलीला जाऊन आलो.

सासऱ्यांनाही बरोबर नेलं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, खेड, मग दापोली. पाऊस असा की गाडीची काच दिसत नव्हती. विद्यापीठाच्या आवारात शिरल्यावर सासरे आधी शेतकरीच झाले. लाल माती हातात घेतली, कलमांच्या बागा बघितल्या. रोपवाटिकेत मुलं-मुली रेनकोट घालून पिशव्या भरत होती. एका मुलीला सासऱ्यांनी विचारलं, "काय करताय बाळ?" ती म्हणाली, "आजोबा, खैराची रोपं. मुळं पिशवीत गोल फिरली की पुढे झाड उभं राहत नाही, म्हणून वेळेत हलवायची." सासरे परत येताना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की आपल्या बांधावरचा आंबा वाऱ्यात आडवा झाला तेव्हा त्याची मुळं अशीच गोल होती.

मिस्टरांनी वसतिगृह बघितलं, तिथल्या मुलींशी बोलले. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण घाट चढताना गमबूट कुठे चांगले मिळतात ते विचारत होते.

स्पष्टच सांगतो दादा, तुमच्या दोन्ही पोस्ट मी लेकीला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, परीक्षा दोनदा देईन, तिसऱ्यांदा नाही. तसं वहीत लिहून ठेवलंय.

रानवाट दादा, डब्यांचं विचारलं होतंत. रिठा, गुंज, बिब्बा, बेहडा, हिरडा, शिकेकाई आणि सागाची फळं तिला माहीत आहेत. एका डब्यात सुकलेली, तपकिरी, पंखांची फळं आहेत. आजी त्याला ऐन म्हणते, मामा म्हणतो किंजळ. ती विचारते, ओळखायचं कसं?

रानवाट

फळ हातात धरून पंख मोजायला सांगा. पाच सारखे रुंद पंख आणि फळ बोटाच्या दोन पेरांएवढं असेल तर ऐन. तीन पंख, त्यात एक मोठा आणि दोन लहान, आणि फळ बारीक असेल तर किंजळ. नदीकाठचं असेल तर अर्जुन नाही ना ते बघा. त्यालाही पाच पंख असतात, पण जाड आणि अरुंद.

कृष्णाकाठ

मोजले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळा डबा ओतला. दोन्ही निघाली. मोठ्या फळांना पाच, बारकी होती त्यांना तीन. आजीही बरोबर आणि मामाही.

आता दोन डबे केलेत. झाकणांवर चिठ्ठ्या लावल्यात: नाव, गाव. महिना तिला आठवत नाही, तिथे तिने जागा रिकामी सोडली आहे.